तारलीच्या पोटात पिल्लं नव्हती

"पिल्लं नाहीत. पिशवीत पू आहे," डॉक्टरांनी सांगितलं आणि सोनोग्राफीचा पडदा आमच्याकडे वळवला. मला त्यात करड्या ढगांपलीकडे काही कळलं नाही. सासूबाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. आमची तारली माझ्या ओढणीत गुंडाळलेली होती. जेमतेम वर्षाचं मांजर.

या आजाराला पायोमेट्रा म्हणतात, म्हणजे गर्भपिशवीत पू साठणं. मांजर माजावर येऊन गेलं की पिशवीचं अस्तर जाड होतं आणि त्यात जंतू वाढू शकतात. पिशवीचं तोंड मिटलेलं असेल तर बाहेर काहीच दिसत नाही, नुसतं पोट फुगतं. इतक्या लहान वयात सहसा होत नाही, असंही डॉक्टर म्हणाले. सहसा न होणारं आमच्याकडे बरोबर येतं.

पोट वाढलं तेव्हा मालवणात आमच्या घरी आनंदीआनंद होता. तारली बांगड्याला तोंड लावेना, तर सासूबाई म्हणाल्या, डोहाळे लागलेत. सारखी पाणी प्यायची, तर म्हणाल्या, उकाडा आहे. खोक्यात जुनं लुगडं घालून त्यांनी बाळंतिणीची सोयही केली. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. अंग चटका बसावा इतकं तापलेलं, मांजर हाक मारली तरी मान उचलेना. शेवटी तिला टोपलीत घातलं आणि रिक्षा करून कुडाळला आणलं. सासूबाई न विचारता शेजारी येऊन बसल्या.

खरं तर ती लहान असतानाच मी स्पेइंगचा विषय काढला होता. म्हणजे मादीची गर्भपिशवी आणि बीजकोश काढून टाकणं. मग हा आजार होण्याची भीती जवळजवळ राहत नाही. पण सासूबाई अडून बसल्या होत्या. "एकदा तरी तिका पिल्लां होवंदेत गो. मगे काय ता कर." मी गप्प बसले. आमच्या लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही. पिल्लांचा विषय निघाला की मी गप्पच बसते.

पिशवी फुटली तर मांजर वाचणार नाही, आजच ऑपरेशन करावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. भूल सोसेल की नाही याची खात्री ते देईनात. मी होकार दिला, आणि सासूबाई काही बोलल्या तर आज मी ऐकून घेणार नाही, असं मनाशी ठरवलं. त्या टोपली उचलून बाहेर बाकाकडे गेल्या.

नंतरची वाट बघणं कोणाच्या वाट्याला येऊ नये. मी बाकावर बसायचे, उठायचे, फाटकापर्यंत जाऊन परत यायचे. बोकड घेऊन आलेल्या माणसाने मला दोनदा विचारलं, काय हरवलं का. सासूबाई रिकामी टोपली मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मला त्यांचा राग येत होता आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं.

तारली जगली. सलाईन, इंजेक्शनं, टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घातलेली कॉलर, सगळं पार पडलं. डॉक्टरांचे उपकार कसे फेडू, कळत नाही. तुमच्याकडे मादी मांजर असेल तर स्पेइंगचं वेळेवर विचारा. पोट फुगलं, खाणं सुटलं, पाणी पिणं वाढलं, तर घरच्या घरी डोहाळे ठरवू नका.

टाके काढल्यावर शेजारच्या काकी बघायला आल्या. मी आत चहा टाकत होते. "बिचारी," काकी म्हणाल्या, "आता तिका पिल्लां काय होवची नाय."

"नाय तर नाय," सासूबाईंचा आवाज आला. "पिल्लां होवक व्हयी म्हणान कोण कोणाक घरात ठेयता? माजी सून बघ. तिच्याशिवाय माका एक दिस करमता काय?"

इतक्या वर्षांत हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. मी गॅस बारीक केला आणि तिथेच उभ्या उभ्या रडले. चहा न्यायला उशीर झाला, पण बाहेरून कोणी हाक मारली नाही.