राउंडअबाउटपर्यंत बोलणारी बरणी

मस्कतला निघालो त्या दिवशी आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला थेट एसटीवर नेलं नाही. आधी सासऱ्याच्या भट्टीवर नेलं. काजूचा हंगाम होता. बोंडं तुडवून झालेली, हंड्याखाली लाकडं धुमसत होती. भट्टीला लागून झावळ्यांची खोप, आत दोन बाकं, सारवलेली जमीन. वाडीतले सगळे बापये काम आटपलं की तिथंच टेकायचे. तुम्ही गावात राहिलेल्यांपैकी जे म्हातारे असतील त्यांना ती खोप आठवत असेल.

सासऱ्याने हुर्राकचा, म्हणजे काजूच्या पहिल्या धारेच्या दारूचा, पहिला पेला भरला आणि कुणाच्या हातात न देता बाहेर चिऱ्यावर ओतला. तो देवचाराचा, गावाची राखण करतो त्याचा. मग गाऱ्हाणं घातलं. "ह्यो आमचो जावय पाण्यापलीकडे जाता हा. आडव्यातिडव्यातून राख रे म्हाराजा!" सगळे बापये एका आवाजात म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

आबांनी पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "देवचाराची हद्द वेशीपर्यंत. फुडे तुजा तू बघ." लोक हसले. आबा हसले नाहीत. माझी बायको शालू भट्टीपाशी उभी होती. तिच्या डोळ्यांतलं पाणी धुरावर खपून गेलं.

इथं आलो तो एसी मेकॅनिक म्हणून. अर्बाब, म्हणजे दुकानाचा ओमानी मालक, बरा माणूस होता. कामात एका हॉटेलचा बार होता. विलायतेत खेड्यापाड्यांत दारूची जुनी दुकानं असतात म्हणे, तसा सजवलेला. भिंतीला खोटी लाकडं, कोपऱ्यात खोटी चूल, चुलीत बल्ब. बाहेर डांबर वितळतंय आणि आत गोरे लोक चुलीजवळ बसून बियर पितायत. त्यांचा गारवा सांभाळायचं काम माझं. तिथला बारमन वसईचा अंतोन. एकदा त्याने मला ग्लास भरून दिला. मी सवयीने पहिला घोट ओतायला जागा बघायला लागलो. खाली गालिचा.

"दादा, इथं सांडलंत तर मॅनेजर मलाच सांडेल," अंतोन म्हणाला.

प्यालो. चव वाईट नव्हती. पण आपल्या पाठीमागे कुणीच नाही, असं सारखं वाटत राहिलं. मी वळून वळून बघत होतो.

पुढे शालूला आणलं. मस्कतच्या वादी अदाई भागात डोंगराला चिकटलेली बिल्डिंग, दुसरा मजला. स्वयंपाकघराची खिडकी उघडली की काळा उघडा डोंगर समोर, गवताची काडी नाही. भट्टीवाल्याची लेक ती, तिला गप्प बसवेना. बोंडं इथं कुठली? मवालेहच्या मंडईतून खजूर आणि मनुका आणायची, आलं ठेचायची, सगळं गुळाच्या पाण्यात घालून चिनी मातीची बरणी भरायची आणि तोंडाला फडकं बांधायची. असलं घरी करायची इथं मुभा नाही, मला ठाऊक आहे. विकली नाही, वाटली नाही. शिमग्याला दोघांपुरते दोन-दोन घोट.

खजूर आंबायला लागले की बरणी आतून बोलते. बुडबुडते, मध्येच खाकरते, परत सुरू. शालू फडक्याला कान लावून बसायची. "बोलाची थांबली काय झाली समजा," म्हणायची. "तवसर हात लावू नकात."

पहिल्या खेपेला मी खिडकीतून डोंगराच्या दिशेने ओतायला गेलो तर तिने हात धरला. "हंयचो राखणदार दारू पियत काय? त्येची रीत येगळी." मग लहान पेल्यात वेलचीचा कहवा आणि दोन खजूर कठड्यावर ठेवले. मी गाऱ्हाणं घातलं, तिने ओट्यापाशी उभी राहून "व्हय म्हाराजा" म्हटलं.

"तुज्या राखणदाराक मालवणी समाजता?" मी चिडवलं.

"तुमका तरी अरबी खंय येता? यल्ला आणि खलास, झाला."

संध्याकाळी पेला कोरडा असायचा. ऊन पितं, मी म्हणायचो. "आसांदे," ती म्हणायची.

गेल्या वर्षी उन्हाळा लागताना शालू गेली. बरणी भरून आठवडाही झाला नव्हता. इथल्याच स्मशानात अग्नी दिला. आमचा मुलगा नंदू अस्थी घेऊन गावी गेला, खाडीत सोडल्या. भावकीतले एकेक जण फोनवर म्हणाले, पोचली रे ती घराक. मी प्रत्येकाला हो म्हटलं. हो म्हणताना माझ्या पाठीमागे बरणी बोलत होती.

महिन्याभरात थांबायला हवी होती. थांबली नाही. ऐन दुपारी, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसताना, जास्त बोलायची. मी खोकलो की गप्प. थोड्या वेळाने पुन्हा सुरू. माझा जन्म मशिनी दुरुस्त करण्यात गेला, कुठला आवाज कशाचा ते मला कळतं. हा वारा नव्हता, पाइप नव्हता. शालू भाकरी थापताना स्वतःशी पुटपुटायची. शब्द कळत नसत, चढउतार कळायचा. तोच हा चढउतार. मी ताट घेऊन बरणीपाशी जमिनीवर बसायला लागलो. भीती वाटायची, खोटं कशाला बोलू. पण उठून जावंसं वाटायचं नाही.

नंदू मस्कतच्याच दुसऱ्या टोकाला, अल खौदला राहतो, ऑफिसात आहे. "बाबा, ते यीस्ट आहे. गॅस धरून एक दिवस फुटेल. टाका ते," म्हणाला.

"झाली की बघू," मी म्हटलं.

मग त्याने ती जागाच सोडायचं ठरवलं. म्हातारा एकटा जमिनीवर बसून जेवतो हे त्याला बघवेना. त्याचंही चूक नाही. मला एकच कळायला हवं होतं, शालू आहे कुठं. गावी असेल तर मी गावी जातो. या जागेत असेल तर हलत नाही. बरणीत असेल तर बरणी घेऊन कुठंही येतो. मी ठरवलं, बरणीतच असणार. आणि निघालो.

बरणी मांडीवर घेतली. जिना उतरताना बोलत होती. गाडीत बोलत होती. नंदूने रेडिओ लावला, मग बंद केला. त्यालाही ऐकू येत होतं, त्याच्या मानेवरून मला समजलं. वादी अदाईचा राउंडअबाउट ओलांडला आणि बरणी थांबली. बोलता बोलता कुणी तोंडावर हात ठेवावा तशी. मी फडक्याला कान लावला. आत नुसता रस.

"थांबली?" नंदूने विचारलं.

"झाली."

"मग बरंच झालं ना."

गाडी हायवेला लागली होती. तिथं मागे वळता येत नाही.

अल खौदला गेल्यावर गाळली. रंग छान, वास चोख. तोंडाला लावली. चव अगदी तिच्या हातची, आणि आत कुणी नाही.

नंदूचं घर मोठं आहे. सून चांगली आहे. नात इंग्लिशमध्ये हसते आणि मला मराठीत समजावते. पण स्वयंपाकघरात मशीन भांडी धुतं, दुसरं कुणी बोलत नाही. म्हणून मी शुक्रवारी बसने वादी अदाईला जातो. बिल्डिंगसमोर चहाचं दुकान आहे, तिथं बसतो.

आमच्या जागेत आता पाटण्याकडचं जोडपं आलंय. त्यातली पोरगी एका दुपारी खाली आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"चाचा, ऊपर पहले आप रहते थे ना?"

"हां."

"दोपहर को किचन में कोई औरत बोलती है. मेरे आदमी को सुनाई नहीं देता. बोलता है, तू पागल है."

बाईमाणूस, दिवसभर एकटी. खोटं बोलायला हवं होतं. मला जमलं नाही. "मेरी घरवाली है," मी म्हटलं. "डरना नहीं. किसी को तकलीफ नहीं देगी."

पोरगी पांढरी पडली, पण हलली नाही. धीराची आहे. "वो किसी को बुलाती रहती है, चाचा," ती म्हणाली. "अवो, अवो, करके. ये अवो कौन है?"

मी ग्लास खाली ठेवला. आमच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, हे त्या पोरीला कोण सांगणार?

"मैं," मी म्हटलं.

गावाकडच्यांनो, तुम्ही फोनवर विचारता, आता घरी कधी येतोस. गावात मला नावाने हाक मारणारे थोडे उरलेत. अल खौदला बाबा म्हणणारा आहे, आजोबा म्हणणारी आहे. दुकानातली पोरं चाचा म्हणतात. अवो म्हणणारी जागा सगळ्या मुलखात एकच, आणि तिची चावी आता त्या पोरीकडे असते.