मी खोडलेलं कलम

करारनामा अठ्ठावीस पानांचा होता. कॉलेजच्या खरेदी समितीत तो पूर्ण वाचणारी मी एकटीच, कारण ग्रंथपाल मी. बाकीच्यांनी चहाबरोबर चाळला.

ऑनलाइन संशोधनपत्रिकांचा करार होता तो. या पत्रिका आपल्या होत नाहीत, वर्षभर वाचायची परवानगी मिळते. कोणी वाचायचं, कुठून वाचायचं, हे कलमांत ठरतं. मला त्यातलं एकच कलम जिवापाड हवं होतं: विद्यार्थ्याला घरी बसून स्वतःच्या मोबाइलवर वाचता यावं. ते हवं होतं एका मुलीसाठी. ती सुरगाण्याकडची. तिथल्याच आश्रमशाळेत शिकवते आणि आमच्याकडे नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, जुन्या वाणांवर पीएच.डी. करते. कंपनीने फुकट वापरून बघायला दिलेल्या चाचणीच्या महिन्यात शाळेमागच्या टेकाडावर, जिथे रेंज येते तिथे बसून ती वाचायची आणि मला मेसेज करायची, ‘मॅडम, आज दोन लेख झाले.’ दिवाळीनंतर तिची प्रबंधाची मुदत संपणार होती.

कंपनीच्या माणसाशी तीन आठवडे फोनवर भांडून मी ते कलम पदरात पाडून घेतलं होतं. बैठकीत फक्त सह्या व्हायच्या होत्या. पण मेथीची जुडी घेतली की वर कोथिंबीर मागायची, ही आमची सवय कुठे जाते? प्राचार्य म्हणाले, “तेवढ्याच पैशांत पत्रिका वाढवून द्या हो. तपासणी समिती येतेय, आकडा दिसला पाहिजे.”

“दुप्पट देतो, सर. फक्त बाहेरून वाचायची सोय काढावी लागेल,” सह्यांसाठी आलेला कंपनीचा माणूस लगेच म्हणाला.

इतक्या झटपट कबूल होणारा भाजीवाला भेटला असता, तर मी पिशवी रिकामी घेऊन इंदिरानगरला घरी परतले असते.

मी म्हटलं, “सर, आपली सुरगाण्याची विद्यार्थिनी...”

“एका मुलीसाठी? बाकीची येतातच की कॉलेजात. तिलाही येऊ दे.”

सगळे हसले. कोणीतरी माझ्यापुढे पेन सरकवलं. मी अडून बसायला हवं होतं. मी ते कलम स्वतःच्या हाताने खोडलं आणि शेजारी सही केली. प्राचार्यांचा राग येतो तो येतोच, पण त्याहून जास्त माझा मला येतो. चारचौघांत आडमुठी दिसू नये, एवढ्यासाठी मी ते सोडून दिलं.

तिला फोन करून सांगितलं, आता इथे येऊनच वाचावं लागेल. “बरं मॅडम,” एवढंच म्हणाली.

रजा काढून, पहाटेच्या जीपने ती आली आणि नेमकी तपासणीच्या दिवशी आली. संगणकाच्या खोलीला सकाळपासून कुलूप होतं. फरशी पुसलेली, खुर्च्या रांगेत लावलेल्या. समिती बघून जाईपर्यंत आत कोणी बसायचं नाही, असा हुकूम. ती बाहेरच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिली. किल्ली माझ्याच पर्समध्ये होती.

दुपारी तीनला समिती आली. प्राचार्यांचं लक्ष तिच्याकडे गेलं आणि ते माझ्या कानाशी पुटपुटले, “हिला आत बसवा.” मी कुलूप काढलं, तिला बसवलं, एक पत्रिका उघडून दिली. ती वाचायला लागते न लागते तोच सगळे तिच्यामागे येऊन उभे राहिले.

“ही थेट सुरगाण्याची,” प्राचार्य म्हणाले. “दुर्गम भागापर्यंत पोहोचलोय आपण.” मग फोटो निघाला. तिला जरा इकडे बघायला सांगितलं, तिने बघितलं.

प्रश्नोत्तरं आटोपून समिती चहाला गेली तेव्हा साडेचार वाजले होते. तिची परतीची जीप पाचची. मी म्हटलं, “थांब, एखादा लेख छापून देते.”

“राहू द्या मॅडम, जीप नाय मिळायची.” ती पिशवी उचलत म्हणाली, “फोटोसाठीच यायचं असंल तर आधी सांगत जा. रजेच्या अर्जात तसं लिहिलं असतं.”



दिवाळी झाली, मुदत गेली, प्रबंध आला नाही. मी दोनदा फोन केला, तिने उचलला नाही. कॉलेजच्या अहवालात मात्र तिचा फोटो पानभर आला. खाली ओळ हवी होती, म्हणून प्राचार्यांनी ती ग्रंथपालांकडूनच मागवली. मी लिहून दिली.