तळातून भरणारी जखम

आयोडिनचा उग्र वास आला, की छावणी भागातल्या दवाखान्यातल्या त्या ड्रेसरबाई आठवतात. माझ्या मांडीतलं गळू कापल्यावर उरलेल्या खोल पोकळीत त्या रोज औषधाची पट्टी भरत. हात चालत तसं तोंडही चाले. सुनेची गाऱ्हाणी, सिल्लोडच्या मक्याचं कौतुक.

एके सकाळी कातडी वरून जुळलेली पाहून मी सुखावले. त्यांनी बोटानं दाबून पाहिलं.

“वरून मिटली म्हंजे भरली नाय, ताई. आत लई पोकळ हाय. तळातून भरू द्या तिला.”

आणि जुळलेली कड त्यांनी पुन्हा उघडली. वेदनेनं डोळ्यांपुढं अंधारलं, तरी मी ओठ आवळून सभ्यपणे गप्प राहिले. त्या थांबल्या. हातमोजे माखलेले, म्हणून कोपरानंच माझा खांदा थोपटत हळूच म्हणाल्या,

“रडा.”