डावखोरा नायक

माझ्या वडिलांच्या आत्याने जन्मात एकच सिनेमा पाहिला, तोही मुका, आणि तोही अर्धा. कळंबच्या जत्रेतल्या तंबूत नायकाने पुरात उडी घेतली आणि तिच्या धाकट्या भावाने, म्हणजे माझ्या आजोबांनी, भोकाड पसरलं. त्यांची आई दोघांनाही घेऊन घरी आली. नायक पैलतीरी पोचला की नाही, हे आत्याबाईला कळलंच नाही. आजोबा जाईपर्यंत ती त्यांना हे ऐकवत होती.

आता तिची दृष्टी गेली होती आणि डोळे मिटायच्या आधी तेवढं एक कळावं, असा तिने धोशा लावला होता. सिनेमाचं नाव आठवत नव्हतं. तसल्या रिळांची कधीच राख झाली, असं जाणकार म्हणाले. पण हा सिनेमा कादंबरीवरून काढलाय, असं तंबूवाला सुरुवातीलाच ओरडला होता. मग कादंबरी शोधायची. खुणा पक्क्या होत्या: पूर, पलीकडे दिवा घेऊन उभी मुलगी आणि डाव्या हाताने तलवार चालवणारा नायक.

कापसाचे भाव पडल्याची ती वर्षं. खरेदी केंद्रावर गाड्यांची रांग हलता हलत नसे. मी गाडी शेजाऱ्याच्या भरवशावर सोडून वाचनालयं पालथी घालायचो.

"कापसाले भाव नाही, अन् हा डावखोरा शोधून राह्यला," म्हणून रांग हसायची.

उमरखेडला एका जुन्या कादंबरीत पूर निघाला, दिवाही निघाला, पण मेल्याची तलवार उजव्या हातात. मी चिडून पुस्तक फळीवर आपटलं.

पुढे गावात बोंडअळीवरचा सरकारी सिनेमा आला. चौकात पांढरा पडदा बांधला होता. मला उशीर झाला, समोर जागा उरली नव्हती, म्हणून पडद्यामागे जाऊन बसलो. पाहतो तर अक्षरं उलटी आणि फवारणी करणारा शेतकरी चक्क डावखोरा. तसाच उठून घरी गेलो आणि आत्याबाईला तंबूत कुठे बसली होती ते विचारलं.

"पडद्याच्या मांगं. माणसं समोर, बायका मांगंच बसत," ती म्हणाली. "तुले मालूम नव्हतं?"

मला हसू आलं आणि स्वतःचा रागही आला. सकाळी उमरखेडची एसटी धरली, पुस्तक आणलं आणि शेवटचं प्रकरण तिला वाचून दाखवलं. नायक मधल्या धारेतच बुडतो. थाप मारता आली असती, पण जीभ रेटेना.

आत्याबाईने हात पुढे करून पुस्तक चाचपलं. उगाच वाचलं, असं मला वाटायला लागलं.

"हा माणसायच्या बाजूचा होय," ती म्हणाली. "तो मेला असन. आमचा डावखोरा होता. तो पोचला."