तिचं नाव गाण्यात आलं नाही

भूतबाधा, करणी, अंगात येणं यातलं काहीच मी कधी मानलं नाही. आजही मानत नाही... निदान तसं म्हणते तरी. मी जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये राहते, मिस्टर फॅक्टरीत आहेत, आणि घरीच नववी-दहावीच्या मुलांच्या सायन्सच्या ट्यूशन घेते. ढगात चार्ज कसा साठतो, वीज जमिनीकडे कशी येते, हे फळ्यावर आकृती काढून दरवर्षी शिकवते. म्हणून हे लिहायला हात धजत नव्हता. ज्यांना हसायचं त्यांनी हसावं.

माझं माहेर आंबागडच्या पायथ्याशी, तुमसर तालुक्यात. दादाची धानाची शेती तलावाच्या खालच्या अंगाला आहे. दोन वर्षांपूर्वीच्या रोवण्याला, म्हणजे धानाच्या लावणीला, बाया मिळेनात. वहिनीचा फोन आला, "ताई, दोन दिवस येऊन जा ना. तेवढाच हात लागते." सुट्टीसारखं होईल म्हणून गेले.

सिंधू वहिनी रोवण्याला गाणं म्हणते, हे आसपासच्या गावांत माहीत आहे. एक ओळ ती म्हणणार, बाकीच्या बाया वाकल्या वाकल्या उचलून धरणार. परहे, म्हणजे धानाची रोपं, लावता लावता कंबर मोडते, ती गाण्यावरच तरते. त्या गाण्यांत पाऊस भाऊ असतो, ढग मामा असतो, सारं आभाळ कसं घरचंच असतं. मला मात्र गाणं येत नाही. सूर असा नाहीच गळ्यात. शाळेत प्रार्थनेला बाई मला नुसते ओठ हलवायला सांगायच्या.

दुसऱ्या दिवशी दुपारचं जेवण करून आम्ही पुन्हा बांधीत, पाणी धरलेल्या वाफ्यात, उतरलो. उकडत होतं. दादा ट्रॅक्टरच्या कामाला गावात गेला होता. किल्ल्याच्या डोंगरामागून ढग चढत होता, पण गडगड लांब होती. शेवंताबाई, आमच्यात सगळ्यात वयस्कर, म्हणाल्या, "सिंधू, हे आभाळ बरं दिसून नाही राहिलं."

"येवढी बांधी होऊ दे काकू, मंग निघू," वहिनी म्हणाली.

थोड्या वेळाने गाणं सुरू झालं. मी खाली मान घालून रोवत होते. चाल नेहमीची, शब्द नवे होते...

आभाळाच्या पायाखाली मुंगीवानी आपुन बाई,
पाय कोठी पडन त्याचा, त्याले ठावा नाही,
ऊठ ऊठ गं निर्मला, बांधी सोड, घरी जाय.

निर्मला म्हणजे शेजारची सून. तिनं हातातली पेंढी पाण्यात ठेवली आणि सरळ धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, चढून निघाली. मला त्यात वावगं वाटलं नाही. मग शेवंताबाईंचं नाव आलं. त्या गेल्या. पुन्हा तेच कडवं, पुन्हा एक नाव. एकेक बाई उठत होती, कोणी कोणाला काही विचारत नव्हतं. कोणी ओळ उचलूनही धरत नव्हतं, हे मला नंतर आठवलं.

"ऊठ ऊठ गं सुनीता."

मी उठले. घाबरून नाही... मला काही वाटलंच नाही, हेच सांगायचं आहे. चिखलातून पाय काढला आणि चालू लागले. दादाच्या शेतात मोटारीची पक्की खोली आहे, सगळ्या तिथे जाऊन उभ्या होत्या. मी आत शिरले तेव्हा शेवंताबाईंनी विचारलं, "सिंधू काहून नाही आली?"

मी वळून पाहिलं. वहिनी बांधीत एकटीच वाकलेली होती. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि सगळं पांढरं झालं.

आवाज नंतर आला. आला असावा... मला तो आठवत नाही.

निर्मला आणि मी धावलो. वहिनी चिखलात आडवी पडली होती, तोंड अर्धं पाण्यात. श्वास नव्हता. तिला ओढून धुऱ्यावर घेतलं आणि मी तिची छाती दाबत राहिले, फॅक्टरीच्या प्रथमोपचार ट्रेनिंगमध्ये कधीतरी बघितलं होतं तसं. किती वेळ ते माहीत नाही. मग तिच्या नाकातून पाणी आलं, आणि श्वास आला. ऑटोत घालून तुमसरला नेलं, तिथून भंडाऱ्याला.

मी रडले नाही. दवाखान्याच्या बाकावर बसून मिस्टरांना फोन केला, फ्रीजमध्ये डाळ आहे, गरम करून घ्या, असं सांगितलं. दादा भिंतीला डोकं टेकून उभा होता. त्याच्याकडे बघत होते, पण बघून काही होत नव्हतं. नखांतला चिखल वाळला होता, तो काढत बसले.

वहिनी वाचली. उजवा कान गेला. उजव्या हाताला अजून स्पर्श कळत नाही. खांद्यावर झाडाच्या फांदीसारखा डाग उठला होता, तो आपोआप गेला.

घरी आणल्यावर शेवंताबाई आणि निर्मला भेटायला आल्या. शेवंताबाईंनी तिच्या तोंडावरून हात फिरवला. म्हणाल्या, "आमाले धाडलं न् तू काहून थांबली वो माय? असं गानं म्हनलं तू, की पाय आपोआप निंघाले."

वहिनी त्यांच्याकडे पाहत राहिली. "मी कोठी म्हनलं?"

"तूच तर म्हनत होती. तुहाच आवाज होता." निर्मलानंही मान हलवली. मीही. तो आवाज वहिनीचाच होता, यात मला आजही शंका नाही.

"मी गात नव्हती," वहिनी म्हणाली. "मी तं आयकत होती. साऱ्यायचं नाव आलं. माहं नाव आलं नाही, मनून थांबली."

निर्मलानं हातातला कप खाली ठेवला. चहा गार झाला.

डॉक्टर म्हणाले, शॉकनं आठवणींची सरमिसळ होते. होत असेल. ढग बघून आम्ही सगळ्या मनातून घाबरलो होतो, एक उठली म्हणून बाकीच्या उठल्या, असंही म्हणता येईल. मी स्वतःला हेच सांगत होते, आणि ते पटतही होतं.

यंदा दिवाळीला गेले होते. वहिनी आता शेतात जात नाही, गातही नाही. अंगणात डाव्या हातानं तांदूळ निवडत बसली होती. तिच्या चांगल्या कानाकडे बसून मी एकदाचं विचारलं, "वहिनी, त्या दिवशी तुमी नाही, तं मग कोन गात होतं?"

तिला नवल वाटलं. "तुमीच तं."

"मले कोठी गाता येते?"

"मले बी तसंच वाटलं," ती म्हणाली. "तुमी धुऱ्यानं पाठमोऱ्या जाऊन राहिल्या होत्या, न् गाऊन राहिल्या होत्या. मनलं, ताई किती चांगल्या गातात."

ती तांदळातला खडा शोधत होती. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. खाली बघतच तिनं विचारलं,

"माहं नाव काहून नाही घेतलं, ताई?"