नानांसाठी न मागवलेलं विमान

“पंख सरळ शेतस का रे, मास्तर?” नानांनी विचारलं.

विमान तेव्हा उलटं होतं.

“नाना, उलटं आहे!” मी ओरडलो. त्यांनी अर्धा रोल देऊन ते सुलटं केलं आणि हसले. “माले माहीत शे. तुन्ही परीक्षा लेत होतू.”

मी विश्वास ठेवला.

आज नानांना जाऊन एक वर्ष झालं.

भुसावळच्या लोको शेडमधून फिटर म्हणून रिटायर झाले. मूळचे धुळ्याकडचे. सगळी नोकरी भुसावळात काढली, पण अहिराणी सुटली नाही. रिमोटवर उडणारी विमानं हा त्यांचा एकच नाद.

दर रविवारी सकाळी मी जळगावहून जायचो. जामनेर रोडला ओळखीच्या एका शेतकऱ्याची पडीक पट्टी होती, शेजारी केळीची बाग.

उडवायचे नाना. मी त्यांच्या उजव्या खांद्यामागे कागद घेऊन उभा.

लूप. रोल. उलटं उडत सरळ रेघ. पुढची कसरत कोणती, ते मी मोठ्याने वाचायचो. पायलटने विमानावरून नजर काढायची नसते, म्हणून मागे एक वाचणारा लागतो. त्याला कॉलर म्हणतात.

मी कॉलेजात मराठी शिकवतो. “वाचाना पगार भेटस तुले, मंग नीट वाच,” असं नाना म्हणायचे.

आकाशात धिंगाणा घालणं त्यांना आवडत नसे. लूप गोल हवा, रेघ रेघेसारखी हवी. जरा बिघडलं की स्वतःवरच चिडायचे. “हाऊ लूप शे का अंडं शे?”

मग त्यांनी मोठं विमान घ्यायचं काढलं. दोन मीटर पंख, दोन मीटर लांबी.

मी म्हणालो, दीड मीटरचं घ्या. माझ्या गाडीत मावेल. बॅटऱ्या स्वस्त पडतील.

“मोठं वारामा थीर ऱ्हास.”

“सकाळी वारा असतो कुठे, नाना?”

“मोठं दूर गयं तरी...” ते थांबले.

त्यांच्या पत्नी, आमच्या अक्का, स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “घरमा माले पाय पसराले जागा नही, आनि यास्ले दोन मीटर पंख पाह्यजेत!”

आम्ही सगळे हसलो. नानाही.

“तू म्हनस ते,” ते म्हणाले.

लहान मागवलं.

मोठं त्यांना दिसलं असतं. लहान दिसत नव्हतं. एवढंच कारण होतं. त्यांनी ते सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

नव्या विमानाचा तिसरा रविवार. केळीची पानं थोडी हलत होती. लूपच्या माथ्यावर नानांनी विचारलं, “कोठे शे?”

मला वाटलं, पुन्हा परीक्षा.

मी हसून म्हणालो, “तुम्हीच सांगा.”

विमान केळीत गेलं.

आम्ही शोधायला आत शिरलो. पांढरं शेपूट दोन खोडांच्या मधे उभं होतं. नाना त्याच्या हातभर अंतरावरून पुढे गेले. परत आले. पुन्हा पुढे गेले.

“सिग्नल गेला असेल,” मी म्हणालो.

ते बांधावर बसले.

“सिग्नल नही गया. डोया गयात.”

काचबिंदू. दोन वर्षांपासून. अक्कांनाही माहीत नव्हतं.

“मला का नाही सांगितलंत?”

“सांगतू तर तू मांगे उभा ऱ्हाता का?”

मी म्हणालो, राहिलो असतो.

घरी पोचल्यावर मी अक्कांना सांगितलं, रिमोट बिघडलाय, दुरुस्तीला जळगावला नेतो.

नाना खुर्चीत बूट काढत होते. एक काढला. दुसरा तसाच राहिला.

त्यानंतर मोठ्या विमानाची निवड सुरू झाली. मीच म्हणालो होतो, आता मोठंच घेऊ. ते दर आठवड्याला फोन करायचे. वरून कोरं पांढरं. पोटाखाली काळे-पिवळे आडवे पट्टे, म्हणजे उलटं-सुलटं कळेल. “पट्टा चार बोट नको. वीतभर पाह्यजे.” पंखांची टोकं लाल.

मी म्हणालो, परीक्षा चालू आहेत. मग म्हणालो, स्टॉक नाही. मग म्हणालो, दिवाळीनंतर.

स्टॉकबद्दल मी कुणाला विचारलंच नव्हतं.

पाच किलोचं विमान. पलीकडच्या शेतात कापूस वेचणाऱ्या बाया. माझी भीती खरी होती. पण ती मी नानांना बोलून दाखवली नाही. मागे उभा राहून मी उंची सांगू शकलो असतो, पंख सांगू शकलो असतो. बाया नसतील असा एखादा रविवार बघू शकलो असतो. तेही करून पाहिलं नाही.

शेवटचा फोन गुरुवारचा.

“मास्तर, टोकं लाल नको. नारिंगी कर. आभायमा लाल काया दिखस.”

“लाल काळं दिसतं, बरं. लिहून घेतो,” मी म्हणालो.

लिहून घेतलं नाही.

शनिवारी दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. हार्ट अटॅक. संध्याकाळी सगळं आटोपलं.

नाना, मोठंच घ्यायला हवं होतं. तुमचं बरोबर होतं. एवढं कबूल करायला मला वर्ष लागलं. नमस्कार.

ते गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, मी रिमोट त्यांच्या घरी नेऊन दिला होता.

अक्कांनी विचारलं, “नीट व्हयना का?”

मी हो म्हणालो.