व्याह्यांवर हरकत

"आबा, हरकतीचं बटण दाबा. उद्या सकाळी मुदत संपतेय," मी पुन्हा सांगितलं.

पिंपळीचे आबा मुरघासावर, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या चाऱ्यावर, ताडपत्री ओढत होते. "पोरी, व्याह्यांवर हरकत घ्यायची व्हय? माझी लेक नांदती त्या घरात."

मी बारामतीतल्या एका क्रिप्टो कंपनीत सपोर्ट इंजिनिअर. ब्लॉकचेन म्हणजे सगळ्यांच्या देखत होणारी नोंद. पक्की, पण हळू, आणि दर नोंदीला फी. म्हणून आमचं ॲप तिच्यावर दुसरा थर चढवतं. दोघांनी काही पैसे चेनवर अडकवायचे, मग आपापसात हवी तेवढी देवघेव करायची. शेवटचा हिशोब तेवढा चेनवर टाकायचा. कोणी जुना हिशोब टाकला, तर समोरच्याने मुदतीत हरकत घ्यायची. मग टाकणाऱ्याचे अडकवलेले सगळे पैसे हरकत घेणाऱ्याला मिळतात.

आमच्या निखिलसरांना ग्रामीण पायलट, म्हणजे गावात ॲपची चाचणी, हवी होती. आबांचा मुरघास त्यांच्या व्याह्यांच्या, बावड्याच्या तात्यांच्या, गोठ्यावर जायचा. सापडले दोघं!

"यूपीआय हाय की," आबा तेव्हाच म्हणाले होते.

"त्यात बँकेवर विश्वास ठेवावा लागतो, आबा. इथे कोणावरच ठेवायचा नाही!" सर म्हणाले.

"व्याह्यांवर बी न्हाय?"

सरांनी ते हसण्यावारी नेलं.

मग तात्यांचा मोबाइल गुरांच्या हौदात पडला. नव्या मोबाइलवर जुना बॅकअप टाकला गेला. ॲपला तोच हिशोब खरा वाटला आणि त्याने तो चेनवर पाठवून दिला. त्या बॅकअपनंतर घेतलेल्या मुरघासाचे पैसे परत तात्यांच्या नावावर! चेनवर गेलेलं मागे घेता येत नाही. तात्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

मी सरांना फोन केला. सर खूश. "दाबायला सांग! पेनल्टी लागली की सिक्युरिटी सिद्ध झाली."

"पण तात्यांनी लबाडी नाही केली, सर."

"सिस्टिमला त्याचं काय?"

डोकंच फिरलं माझं. आबा शांतपणे विचारत होते, "न्हाय दाबलं तर?"

"तुमच्या मुरघासाचे पैसे गेले."

"आन् दाबलं तर?"

"तात्यांचे सगळेच गेले."

"मधलं बटण न्हाय का?"

ते आम्ही बनवलंच नव्हतं. लाज वाटली मला. मी म्हटलं, निदान तात्यांना फोन तरी करा. "पैशासाठी फोन करू व्याह्यांना?" म्हणत आबांनी मोबाइल बंद करून कोनाड्यात ठेवला. सकाळी मुदत संपली.

शेवटी तात्यांना मीच फोन केला. दुपारी त्यांची पिकअप पिंपळीत हजर. तात्या संतापलेले. "आबा, मला चोर समजून गप बसला व्हय तुमी?"

"चोर समजलो असतो तर दाबलं असतं की."

तात्यांनी मोबाइल काढला. त्यांनी तिथंच यूपीआयने सगळे पैसे पाठवले. मग दोघं जेवायला बसले. मलाही बसवलं.

गुंतवणूकदारांच्या मीटिंगमध्ये सरांनी ठणकावून सांगितलं, "आमच्या दुसऱ्या थरावर कोणाचाही पैसा बुडाला नाही."

पुढच्या व्हर्जनसाठी मी एक बटण सुचवलंय: 'हरकतीआधी समोरच्याला फोन करा.' सरांचं म्हणणं, त्याने आपल्या टेक्नॉलॉजीवरचा विश्वास उडेल.